अकरा अंश डावीकडे

कोतो सिलांग,
३० मे २०१०

चि. अस्रिझाल यास,
उनीचा सलाम आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, तूही तिकडे तसाच असशील असं धरून चालते.

फोन न करता पत्र का, असं तू विचारणारच. फोनवर तू नुसता हं हं करतोस आणि मागे तुझ्या दुकानातली शिलाई यंत्रं खडखडत असतात. मला सविस्तर सांगायचंय आणि तुझ्याकडून सविस्तर लिहून हवंय.

परवा जुम्म्याच्या दिवशी जिल्ह्याच्या धर्मखात्यातून एक पोरगी आली. विर्दा तिचं नाव, वय असेल पंचवीस. सगळ्या मशिदींचा किब्ला, म्हणजे काबाकडची दिशा, नव्यानं मोजायचा हुकूम आहे म्हणे. दिवस कुठला, तर अठ्ठावीस मे. तुला काय सांगायचं! मक्केत सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर येतो तो दिवस. आपल्याकडे तेव्हा चार वाजून अठरा मिनिटं झालेली असतात आणि त्या मिनिटाला उभ्या काठीची सावली जी रेघ दाखवते ती थेट काबाला जाते. बुयांनी आपल्याला हे लहानपणी इतक्यांदा सांगितलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. तर त्या पोरीनं अंगणात काठी रोवली, सावलीवर दोरी ताणली, पिशवीतल्या यंत्राशी पडताळली आणि अंगकू इमामांना म्हणाली की मशीद अकरा अंश उजवीकडे वळलेली आहे, नमाजेच्या रांगा तेवढ्या डावीकडे घ्याव्या लागतील.

अकरा अंश! आपल्या वडिलांनी, बुयांनी बांधलेली मशीद! अरे, एकोणतीस वर्षांपूर्वी याच दिवशी, याच मिनिटाला तू काठी धरून उभा होतास. बुयांना शेजारच्या गावी दफनाला जावं लागलं, तर जाताना रेडिओच्या वेळेशी जुळवलेलं स्वतःचं घड्याळ तुझ्या मनगटावर बांधून गेले. परत येऊन तुझी रेघ पाहिली आणि घड्याळ तुलाच देऊन टाकलं. सूर्यानं आखलेली मशीद म्हणतात लोक आपल्या मशिदीला. आता सूर्य खोटा की तिचं ते डबडं?

काल बायकांच्या अभ्यासवर्गात हाच विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, पोरगी शिकलेली आहे. मी म्हटलं, जिला स्वतःच्या बापाचा पत्ता नाही ती आमच्या बापाची दिशा चुकली म्हणून सांगायला आलीय. तिचा बाप ती रांगत असतानाच घर सोडून गेला, हे इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. काय हशा पिकला म्हणून सांगू! बायका ओढण्या तोंडाला लावून हसत होत्या. तू असतास तर तूही हसला असतास.

पण गावात आता दोन तट पडलेत. निम्मे लोक रांगेत तिरके उभे राहतात, निम्मे सरळ, आणि सिजद्याला वाकलं की एकाचं डोकं दुसऱ्याच्या खांद्याला लागतं. हसू नकोस. तू त्या दिवसाची हकीकत नीट लिहून पाठव. साक्षीदार तू एकटाच उरलायस. अंगकू इमाम ती जुम्म्याला वाचून दाखवतील आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील.

कसाव्याच्या तिखट चकत्या तळून ठेवल्यात, कुणी तिकडे निघालं की देते. माया आहे तशी राहू दे.

तुझी थोरली बहीण,
उनी रोस्मानियार


बालिकपापान,
१२ जून २०१०

ती. उनीस,
धाकट्याचा सादर सलाम. तुझं पत्र पोचलं, वाचलं, पुन्हा वाचलं.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. शाळा उघडायच्या आधी गणवेशांची घाई असते. दिवसभर पोरांची मापं घेतो, आणि ती पोरं माप देताना पोट आत ओढतात, मग महिन्याभरात बटणं तुटली म्हणून आया भांडायला येतात. तुझ्यासाठी फिकट हिरव्या ओढणीचं कापड बाजूला काढलंय. गडद रंग तुला आवडत नाही, हे लक्षात आहे.

मशिदीचं म्हणशील तर मला वाटतं फार ताणू नये. अंगकू इमाम समजूतदार आहेत. सरकारी माणसं सांगतात तर फरशीवर तिरक्या रेघा मारून टाकाव्यात. किती गावांनी मारल्यात. त्यात बुयांचा कमीपणा कुठं आला? त्या काळी साधनं ती काय होती? आणि एवढ्या जुन्या गोष्टी मला तरी कुठं नीट आठवतात?

त्या मुलीला तू तसं बोलायला नको होतंस. मला हसू आलं नाही.

गुडघ्याला तेल लावतेस ना? राग धरलास तरी उत्तर लिहीत जा.

तुझा,
अस्रिझाल


कोतो सिलांग,
२० जून २०१०

चि. अस्रिझाल यास,
आशीर्वाद. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही, एवढं आधी सांगते.

आठवत नाही म्हणतोस? बुया शेवटच्या आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या येणाऱ्या जाणाऱ्याला ती गोष्ट सांगायचे. माझ्या पोरानं ऊन डोक्यावर घेऊन चार वाजेपर्यंत वाट पाहिली, म्हणायचे. तू उशाशीच बसलेला असायचास आणि खाली मान घालायचास. मला वाटायचं, किती विनयी आहे आपला अस्रिझाल. आणि आता तूच लिहितोस, त्या काळी साधनं काय होती म्हणून? सूर्याहून मोठं साधन कुठलं रे?

तू फार बदललास. मागच्या दोन ईदांना आलास तेव्हाही मशिदीत पाऊल टाकलं नाहीस. एकदा पोट बिघडलं म्हणालास, एकदा पाय मुरगळला म्हणालास, आणि घरी एकट्यानं नमाज पढलास. मी शेजाऱ्यांना तोंड कसं दिलं ते माझं मला माहीत.

आता ऐक. आम्ही वरच्या कचेरीत तक्रार दिली आहे. विर्दानं खोटी मोजणी करून एका मरहूम आलिमाची बदनामी केली, असं लिहिलंय. खाली बासष्ट सह्या आहेत आणि पहिली माझी. तिला वीस जुलैला वरिष्ठांपुढे उभं राहायचंय. नोकरी अजून कच्ची आहे म्हणतात, म्हणजे जाईलही. तिची आई बाजारात भाजी विकते, ती परवा मला पाहून टोपली उचलून दुसरीकडे जाऊन बसली. मला जरा कसंसंच झालं, पण बुयांच्या नावापुढे मी कुणाचीही पर्वा करणार नाही.

बुयांनीच शिकवलंय ना, की साक्ष लपवू नये, ती स्वतःवर किंवा आईबापावर उलटली तरी खरी द्यावी? इथं तर आपल्या बापाच्या बाजूची साक्ष आहे. तीही देताना तुझा हात का जड होतो? दहा जुलैच्या आत तुझा कागद मला हवा.

ओढणीचं कापड तूर्त तुझ्याकडेच ठेव. रागावले असले तरी तुझीच,
उनी


बालिकपापान,
१ जुलै २०१०

ती. उनीस,
सलाम. हे पत्र तू बसून वाच, आणि एकटी असताना वाच.

तू साक्ष मागितलीस. देतो.

त्या दिवशी मी चारपर्यंत थांबलो नाही. शहरातल्या मैदानावर गाण्याचा जलसा होता आणि कोबीचा ट्रक तीनला सुटणार होता. बुया गेल्यावर मी काठी रोवली, थोडा वेळ बसलो, घड्याळ पाहिलं तर अडीच. सूर्य तर तोच आहे, दीड दोन तासांनी असा काय फरक पडणार, असं मनाशी म्हटलं. सावलीवर चुना टाकला, चार खुंट्या ठोकल्या आणि पळालो. मला जाणीव नव्हती असं नाही. बुयांनी मिनिट सांगितलं होतं. घड्याळ बांधताना, ही अमानत आहे, म्हणाले होते. त्यांनी सांभाळायला दिलेली ती पहिली मोठी गोष्ट होती, आणि मी ती एका जलशापायी टाकून गेलो.

रात्री परतलो तर बुया दारात. रेघ पाहून आले होते. त्यांनी विचारलं, आभाळ स्वच्छ होतं का? मी म्हटलं, अगदी स्वच्छ, सावली सुईसारखी बारीक पडली होती. उनी, ही सुई मी त्या क्षणी बनवली, आणि इतकी छान बनवली की बुयांचे डोळे भरून आले. घड्याळ काढून परत द्यायला गेलो, तर त्यांनी माझी मूठ मिटली. तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी उघडायला हवं होतं. मग पाया खणला गेला, मग भिंती चढल्या, आणि दर दिवशी बोलणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं.

त्या मशिदीत मी रांगेत उभा राहायचो तेव्हा माझ्या दोन्ही बाजूंची माणसं मनापासून काबाकडे तोंड करून उभी असायची. दिशा चुकलीय हे मला एकट्याला माहीत. मी डावीकडे वळलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, म्हणून वळलो नाही. पुढे पुढे ते सोसवेना, म्हणून पोट बिघडू लागलं आणि पाय मुरगळू लागला. लोक म्हणतात, परदेशी गेल्यासारखा हा गाव विसरला. मी गाव विसरलो नाही गं, मला गावाला तोंड दाखवायची लाज वाटते.

आणि एक राहिलं. मयताचं तोंड काबाकडे हवं, म्हणून बुयांची कबर खणली तेव्हा खणणाऱ्यांनी दिशा मशिदीच्या भिंतीवरून घेतली. भिंतीपासून दोरी ताणली. तिचं एक टोक सबिरीन गवंड्याच्या हातात होतं आणि दुसरं माझ्या. मला फक्त दोन पावलं सरकायचं होतं. मी सरकलो नाही. ज्यांनी जन्मभर किब्ल्याची चूक होऊ नये म्हणून जीव टाकला, त्यांना मी माझ्या हातानं वाकडं निजवलं.

ती मुलगी खरी आहे. तिची मोजणी खरी आहे. हे पत्र अंगकू इमामांना दे, जुम्म्याला वाचू देत. मी स्वतः यायला हवं, पण माझ्यात तेवढी हिंमत नाही, हेही त्यात आलंच.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क राहिला नाही, तरी म्हणतो.

अस्रिझाल


कोतो सिलांग,
८ जुलै २०१०

अस्रिझाल,
पत्र मिळालं. तांदळाच्या कणगीत तळाशी घालून ठेवलंय.

मी ते कुणाला दाखवलं नाही आणि दाखवणारही नाही. दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. वर्गाला आले नाही म्हणून बायका विचारायला आल्या, तर डोकं दुखतंय म्हटलं. आता डोकं दुखायची पाळी माझी.

तू मला आधी का सांगितलं नाहीस? निदान त्या तक्रारीवर सही करायच्या आधी? मी त्या पोरीला काय काय बोलले! तिच्या बापावरून बोलले. आणि दिशा चुकली होती ती आपल्याच घरात. पण आता हे बाहेर पडलं तर काय होईल, याचा विचार कर. अर्धं गाव म्हणेल, हाजीसाहेबांच्या पोरानं आमच्या एकोणतीस वर्षांच्या नमाजा वाया घालवल्या. बुयांना म्हणतील, पोरावर आंधळा विश्वास टाकला. त्यांची कबर लोक काय नजरेनं बघतील?

मी एक मार्ग काढलाय. मी तक्रार मागे घेते. गुडघ्याचं निमित्त करून वर्गही सोडते. अंगकू इमामांना म्हणते की वाद नको, गुमान तिरक्या रेघा मारा. त्या पोरीची नोकरी वाचेल, बुयांचं नाव वाचेल, आणि तुझंही. कुणाचं काही बिघडणार नाही. तू फक्त गप्प राहा. तुला ते जमतं.

शेवटचं वाक्य खोडणार होते, राहू देते.

उनी


बालिकपापान,
११ जुलै २०१०

ती. उनीस,
सलाम. हे पत्र विमानाच्या टपालानं धाडतोय, जुम्म्याच्या आत मिळावं.

त्या वाक्याचा राग नाही. खरंच आहे ते.

तू काढलेल्या मार्गात सगळ्यांची सोय आहे. फक्त विर्दाच्या बापावरून वर्गातल्या बायका हसल्या, ते तसंच राहतं. तिनं खोटं मोजलं हे गावानं वरच्या कचेरीला लिहून दिलं, ते मागे घेतलंस तरी लोक म्हणणार, बुयांच्या लेकीनं मोठ्या मनानं सोडून दिलं. म्हणजे चोर आपण आणि मोठं मनही आपलंच.

मी अंगकू इमामांना परस्पर पत्र लिहायला बसलो होतो. मग फाडलं. तुझ्या डोक्यावरून जाणं बरं नाही. साक्षीचं पत्र मी तुझ्या हाती दिलंय, तेव्हा ते आता तुझ्याकडची अमानत आहे. मी माझी कशी सांभाळली ते तुला ठाऊक आहेच. तू काय करायचं ते तू ठरव. कणगीत राहिलं तरी मी तुला कधी विचारणार नाही.

घड्याळ मी एकही दिवस वापरलं नाही. पेटीत आहे. दर ईदला काढून किल्ली देतो, चालतं अजून.

तुझा,
अस्रिझाल


कोतो सिलांग,
१८ जुलै २०१०

चि. अस्रिझाल यास,
उनीचा सलाम आणि आशीर्वाद. हे आशीर्वाद सवयीचे नाहीत.

तुझं अकरा तारखेचं पत्र गुरुवारी आलं आणि वाचून मला तुझा असा संताप आला की काय सांगू. मनात म्हटलं, एकोणतीस वर्षं स्वतः गप्प बसला आणि ओझं आता माझ्या डोक्यावर देतोय. मग तांदूळ काढायला गेले आणि हात कणगीत घातला तर तुझं पाकीटच हाताला लागलं. दिवसातून दोनदा मी त्या कणगीत हात घालते. किती वर्षं घालणार होते?

काल परवाचा जुम्मा सोळा जुलैचा होता, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल. वर्षात दुसऱ्यांदा सूर्य काबावर येतो तो दिवस, चार सत्तावीसला. मी नमाजेच्या आधीच अंगकू इमामांकडे गेले आणि पाकीट दिलं. त्यांनी वाचलं, बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, वाचतो, पण बाहेरचा भोंगा बंद ठेवतो, आतल्या लोकांपुरतं राहील. मी म्हटलं, चालूच ठेवा. माझा टोमणा गावभर गेला होता, तो काही भिंतीत थांबला नव्हता.

त्यांनी सगळं वाचलं. जलसा, कोबीचा ट्रक, सुईसारखी सावली, सगळं. मी बायकांच्या बाजूला पडद्यामागे होते. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. त्यापेक्षा बघितलं असतं तर बरं झालं असतं. मग म्हातारा सबिरीन गवंडी उठला. म्हणाला की त्या दिवशी तीनच्या सुमाराला तो चुना टाकायला आला होता, तेव्हाच खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि पोराचा पत्ता नव्हता. त्याला तेव्हाच शंका आली. पण हाजीसाहेबांच्या पोराला विचारायचं कुणी, म्हणून तोही गप्प बसला. त्याच वाकड्या रेघेवर त्यानं स्वतःच्या हातांनी भिंती चढवल्या. हे सांगून तो मोठ्यानं रडायला लागला. मशिदीत एवढ्या म्हाताऱ्या माणसाला रडताना मी आधी पाहिलं नव्हतं.

नमाजा वाया गेल्या का, असं कुणीतरी विचारलंच. अंगकू इमाम म्हणाले की ज्यांना माहीत नव्हतं त्यांची एकही नमाज वाया गेली नाही, कुणालाही काही पुन्हा पढायचं नाही. आणि ज्याला माहीत होतं त्याचा हिशेब तो आणि अल्लाह बघतील, आपण त्यात पडायचं नाही, असंही म्हणाले. लोकांनी मान डोलावली. मी मात्र तुझ्या पोटदुख्या आठवत बसले.

मग माझी पाळी. नमाज झाल्यावर लगेच बायकांचा वर्ग भरवला आणि मुद्दाम विर्दाला आणि तिच्या आईला बोलावणं पाठवलं. जिथं बोलले तिथंच फेडायला हवं, एवढं तरी बुयांकडून शिकलेय. उभं राहून म्हटलं की मी हिच्या बापावरून बोलले ते नीच होतं, हिची मोजणी खरी आहे, आणि तक्रारीतली पहिली सही माझी आहे. ज्या हसल्या होत्या त्या सगळ्या चटईकडे बघत होत्या. विर्दाची आई म्हणाली की तो टोमणा तिनं बाजारात ऐकला, एका गिऱ्हाईकाच्या तोंडून, भेंडी मोजून देताना. तक्रार मागे घेतल्याचा कागद लिहिलाय. त्यात ती खोटी होती असंही लिहिलंय आणि खाली बासष्टच्या बासष्ट सह्या आहेत. वीस तारखेला मी स्वतः तो घेऊन तिच्याबरोबर कचेरीत जाणार आहे.

विर्दानं मला माफ केलं का, ते मला कळलं नाही. तिनं पिशवीतून काठी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाली, तुम्ही धरा, मी वेळ सांगते. मी अंगणात ती धरून उभी राहिले. अस्रिझाल, ऊन कडक होतं, पाठ भरून आली होती आणि सगळं गाव भोवती उभं होतं. ती मिनिटं मोजत होती. मला सारखं वाटत होतं की हे काही अवघड नव्हतं. नुसतं उभं तर राहायचं होतं. चार सत्तावीसला तिनं हात वर केला आणि सबिरीननं चुना टाकला. जुन्या भिंतीपासून रेघ स्पष्ट वेगळी निघाली, लहान पोरालाही दिसावी एवढी.

फरशीवर नव्या रेघा मारून झाल्या. आता सगळे तिरके उभे राहतात, त्यामुळे कुणाचं डोकं कुणाच्या खांद्याला लागत नाही. फक्त कोपऱ्यात जागा वाया जाते आणि चपला तिथं ठेवायच्या की नाही यावर नवं भांडण सुरू झालंय.

कबरीचं मी अंगकू इमामांना विचारलं. ते म्हणाले की कबर उकरायची नाही. ज्यांनी निजवलं त्यांनी योग्य समजून निजवलं, तेवढं पुरे. एवढं बोलून ते थांबले, तुझं नाव घेतलं नाही. संध्याकाळी मी गवत काढायला गेले होते. तिथून मशिदीची नवी रेघ दारातून दिसते. तिच्याकडे बघितलं आणि मग बुयांकडे. मशिदीत रेघा फिरवता आल्या. बुयांना आता फिरवता येणार नाही, ते असेच राहणार.

या ईदला ये. दरवर्षी पाठवतोस तसं चुकलंमाकलं माफ कराचं छापील कार्ड पाठवू नकोस. मशिदीत पहिल्या रांगेत, डाव्या टोकाला, बुयांची जागा आहे. तिथं कुणी उभं राहत नाही. लोक तुझ्याशी बोलतील की नाही सांगता येत नाही, काही नाही बोलणार. तरी ये. घड्याळ बांधून ये.

गावाला मी सांगितलं, वर्गाला सांगितलं, परवा कचेरीलाही सांगेन. कबरीपाशी गवत काढताना बुयांना सांगावं असं दोनदा ओठावर आलं, पण सांगितलं नाही. त्यांना अजून काही माहीत नाही. ते तेवढं तुझ्यासाठी ठेवलंय.

वाट बघते. फिकट हिरवं कापड विसरू नकोस.

तुझी,
उनी